गाडी आज मिळणार नाही

महाप्याच्या टपरीवर नमिता कटिंग पीत उभी होती, तेवढ्यात समोरून एक जुनी पांढरी गाडी घरघरत वळली. नमितानं ग्लास ठेवला आणि सरळ पुढं होऊन हात आडवा केला.

काच खाली आली. आत तिशीतला एक तरुण. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"पुढचं डावं बेअरिंग गेलंय तुमचं," ती म्हणाली.

"एवढ्या लांबून कळलं तुम्हाला?"

"चाकांचं बरोबर ऐकू येतं मला. मानसांचं जरा कमी."

तो हसला... आणि आपण हसलो याचंच नवल वाटल्यासारखा लगेच गप्प झाला.

गॅरेज मागच्याच गल्लीत होतं. वडिलांचा, नामा पाटलांचा, उजवा हात अर्धांगवायूनं गेला, तेव्हापासून सहा वर्षं तीच ते चालवत होती. गाडी जॅकवर चढली. नमितानं चाक वरखाली धरून हलवलं, तर ते पडायला आलेल्या दातासारखं डुगडुगलं. चाक काढलं. ब्रेकच्या डिस्क झिजून पातळ झालेल्या, त्यावर खोल चरे.

"कुठं न्यायची हाय गाडी?"

"गावी. साताऱ्याच्या अलीकडं." तो जरा थांबला. "आईला सोडायला. डॉक्टरांनी हात टेकलेत. तिला आपल्या घरी जायचंय."

"ॲम्ब्युलन्स..."

"नको म्हणते. ॲम्ब्युलन्समधनं गेले तर माणसं मी उतरायच्या आधीच रडायला बसतील, म्हणते. ही गाडी वडिलांनी घेतलेली. हिच्यातनंच जाणार."

त्याचं नाव विश्वजित. राहायला कामोठ्याला, नोकरी ऐरोलीत. दोन दिवस तो रजा टाकून गॅरेजातच बसून राहिला. घरी आईपाशी मावशी होती. आईसमोर रडू येतं म्हणून इथं बसतो, असं त्यानं एकदा खाली बघून सांगितलं. मग नमिता मुद्दाम त्याला कामाला लावायची. पाना धरा, बॅटरीचा उजेड धरा, नीट धरा... तिचे हात ग्रीसनं बरबटलेले असले की चहाचा ग्लास तो तिच्या ओठांशी नेई. पहिल्यांदा दोघंही अवघडली. दुसऱ्यांदा तिनं फुंकर मारली आणि म्हणाली, "साखर कमी हाय."

"उद्या जास्त सांगतो."

"उद्या तर तुमी जानार ना?"

त्यानं ग्लास पुन्हा तिच्या ओठांशी नेला. बाहेर पावसाची रिपरिप चालली होती.

शुक्रवारी दुपारी नव्या डिस्क बसल्या, नवे पॅड बसले. पण जुनं बेअरिंग गंजून चाकाच्या हबला चिकटलेलं, प्रेसवर दाबूनही निघता निघेना. निघालं तेव्हा नवं बेअरिंग मापाचं नाही असं लक्षात आलं. बरोबर मापाचं उद्या सकाळी मिळणार होतं.

"जुनंच बसवा," विश्वजित म्हणाला. "ब्रेक झालेत ना? बेअरिंगचं परत आल्यावर बघू."

"गाडी आज मिळनार नाय."

"नमिता, आई थांबणार नाही हो..."

"चाक घाटात निघालं तर?"

त्यानं कपाळाला हात लावला आणि घरी फोन केला. पलीकडून त्याच्या आईचा, बाळाबाईंचा, खोल गेलेला आवाज आला, "त्या पोरीकडं दे." नमितानं खांद्यानं फोन कानाशी दाबून धरला. "पोरी, नीट बसीव चाक. माझ्या लेकाला घाई लई. मी काय आज पळून जात न्हाय."

शनिवारी सकाळी नऊला बेअरिंग आलं. साडेनऊला विश्वजितचा फोन आला. आई आठ वाजता गेली होती.

नमितानं बेअरिंग बसवलं. डोळे पुसायला कोरडं असं काही हाताशी नव्हतं. नामा दारातल्या खुर्चीवरून सगळं बघत होते. "तुजं काय चुकलं नाय, पोरी," ते म्हणाले. तिनं मान वर केली नाही.

सोमवारी तो आला. डोक्याचे केस काढलेले, हातात लाल फडक्यात बांधलेलं मडकं. अस्थी कृष्णेला न्यायच्या होत्या. मडकं त्यानं पुढच्या सीटवर ठेवलं आणि त्याला सीटचा पट्टा लावला.

"नव्या डिस्कला आधी दहा-बारा वेळा हळूहळू ब्रेक मारायला लागतात," ती म्हणाली. "मी येते."

ती मागं बसली. मोकळ्या रस्त्यावर गाडी वेग घेई, मंदावे, पुन्हा वेग घेई. चाकांचा आवाज नव्हता.

दहाव्यांदा ब्रेक मारून त्यानं गाडी कडेला घेतली. आरशातून तिच्याकडं बघत विचारलं, "शुक्रवारी दिली असती गाडी... तर तिनं घर बघितलं असतं. नाही का?"

"कदाचित."

"मग का नाही दिलीत?"

तिनं पुढच्या सीटवरल्या मडक्याकडं बघितलं. मग म्हणाली, "चाक नक्की निघालं असतं, असं मी म्हननार नाय. कदाचित पोचलाही असतात. पन... गाडीत तुमीही असता ना. आई तर जानारच होती, विश्वजित. तुमाला मी कशी जाऊ देनार?"

त्याचे खांदे हलायला लागले. आई गेल्यापासून तो पहिल्यांदाच रडत होता. नमितानं मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. स्वच्छ शर्टावर काळी बोटं उमटली. त्यानं तो हात तिथंच धरून ठेवला.

गॅरेजाशी ती उतरली. काच खाली करून तो म्हणाला, "तेरावं झालं की येतो."

"सर्व्हिसिंगला?"

"नाही," तो म्हणाला. "तुमच्या वडिलांशी बोलायला."