उजवीकडची शेवटची खिडकी

एल्डरस्कोटच्या हवेलीला समोरून एकवीस खिडक्या. त्यांतल्या वीस खऱ्या. वरच्या मजल्यावरची उजवीकडची शेवटची खिडकी भिंतीवर नुसती रंगवलेली आहे. तिच्यामागे धुराडं येतं आणि बांधणाऱ्याला दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्या होत्या. काळी तावदानं, पांढऱ्या पट्ट्या, निम्म्यापर्यंत खाली ओढलेला पिवळसर पडदा, त्याच्या दोरीला गोंडा. रंगाऱ्याला दीड दिवसाचं काम.

१९०८ साली ते माझ्या वडिलांनी, एमस ट्रान्टर यांनी केलं. आठवड्यानं पडदा वीतभर वर दिसला. घराची कारभारीण मिसेस पार्डो सगळ्यांदेखत म्हणाली, रंगारी प्यालेला होता. बाबा चॅपलवाले, दारू पाप मानणाऱ्या पंथाचे; उभ्या जन्मात त्यांनी बिअरला ओठ लावला नव्हता. पण त्यानंतर आमच्या श्रॉपशर परगण्यातल्या एकाही मोठ्या घराचं काम त्यांना मिळालं नाही. मला त्याचा राग अजून आहे.

अठ्ठावीस वर्षांनी तेच काम माझ्याकडे आलं. जुना रंग खरवडताना खाली गिलाव्यात पडद्याच्या कडेसाठी कोरलेली सरळ रेघ सापडली. शेजारी अक्षरं, ए. टी. रेघ बरोबर निम्म्यावर होती. बाबांचं माप चुकलं नव्हतं. शिडीवर एकटाच होतो, डोळे भरून आले.

मिसेस पार्डोला हे सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मग मी त्याच रेघेवर पडदा रंगवला, गोंडा ओळंब्यानं सरळ काढला आणि तिला अंगणात उभं करून दाखवलं. तिनं मान डोलावली.

चौथ्या दिवशी तिचा निरोप आला, तसा मी हवेलीवर गेलो.

"खाण तशी माती," ती म्हणाली. "बघ वर."

पडदा वीतभर वर होता.

मी शिडी चढलो. रंग वाळून टणक झाला होता. कुठं जोड नाही, ब्रशचा नवा फटकारा नाही. जिथं मी पिवळा रंग दिला होता तिथं काळं तावदान होतं. नख मारून पाहिलं, तर आतपर्यंत काळंच.

मी खाली आलो. पडदा निम्म्यावर रंगवलेला तिनं स्वतःच तर पाहिला होता.

"तुझ्या वडिलांना घेऊन ये," ती म्हणाली.

दुपारी बाबांना गाडीतून आणलं. ते काठी टेकत अंगणात उभे राहिले. मिसेस पार्डोनं हात पुढे केला. "माफ करा, मिस्टर ट्रान्टर. तुम्ही प्यालेले नव्हतात."

बाबांनी टोपी काढली, तिचा हात हातात घेतला. या एका वाक्यासाठी ते अठ्ठावीस वर्षं थांबले होते. मग त्यांनी वर पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले.

"एनॉक, गोंडा तू तिरका काढलास?"

"नाही, बाबा. सरळ."

मीही पाहिलं. गोंडा डावीकडे कलला होता. वारा नव्हता, आणि असता तरी काय.

मी शिडी लावून वर गेलो. तोवर तो सरळ झाला होता.