चौदावी ओळ

सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, तिसऱ्या हँगरसमोर साखळ्यांनी जखडलेल्या हेलिकॉप्टरचे पंखे पहिल्यांदा फिरले. नऊ बावन्नला ते थांबवले. बिघाड काहीच नव्हता. फक्त दोन कागद जुळेनात.

हेलिकॉप्टर दोन देशांचं होतं. सांगाडा इकडचा, गिअरबॉक्स आणि पाती तिकडची, आसनं सोळा. एकमेकांच्या कॉम्प्युटरवर दोघांचाही काडीचा विश्वास नव्हता, म्हणून करारातच लिहिलं होतं : प्रत्येक चाचणीत दोन्हीकडचा एकेक माणूस पाठीला पाठ लावून बसेल, आपापल्या डायलवरचा आकडा वेळेसह पेन्सिलनं लिहील आणि चाचणी संपेपर्यंत मागे वळणार नाही.

इकडून ती बसली होती. कंपनं मोजायची, म्हणून सगळे तिला ‘थरथर’ म्हणत. तिकडचा ठरलेला माणूस ऐन सकाळी तापानं फणफणला, आणि त्याच्या जागी गिअरबॉक्सचा तरुण इंजिनियर येऊन बसला. त्याला सगळे ‘पाहुणा’ म्हणत.

“तुमची खुर्ची माझ्या खुर्चीला लागतेय,” ती म्हणाली होती.

“लागू द्या की. तेवढीच ओळख!” मागून आवाज आला. इकडची भाषा तो शिकून आला होता. शिव्या सोडून सगळी.

आकडे तंतोतंत जुळले. वेळ जुळली नाही. पाहुण्याच्या कागदावर प्रत्येक आकडा अकरा सेकंद आधीचा होता.

“घड्याळं लावून घ्या आधी,” मुख्य अभियंता खेकसले.

दोघांनी भिंतीवरच्या एकाच घड्याळावर वेळ लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा अकरा सेकंद. तिसऱ्या दिवशीही.

तोवर तिला त्या पाठीची सवय होऊन गेली होती. पातळ कापडातून येणारी ऊब... पान उलटताना त्याचा किंचित रोखलेला श्वास... चेहऱ्यापेक्षा पाठच जास्त ओळखीची झाली होती.

“पाठमोरं का होईना, स्थळ बरं दिसतंय,” कँटीनच्या मावशीनं जेवण वाढताना चिमटा काढला.

पाचव्या दिवशी तिनं हळूच मान वळवली. पाहुण्याचे डोळे मिटलेले होते आणि पेन्सिल चालत होती. त्यानं ‘सहा’ लिहिलं. तिचा काटा तेव्हा तीनवर होता. मग बाहेर वाऱ्याचा एक झोत आला, हँगरचं दार धडाडलं, आणि काटा उडून सहावर गेला.

कँटीनमध्ये तिनं त्याला गाठलंच.

“डोळे मिटून लिहिता?”

“म्हणजे तुम्ही मागे वळलात! नियम मोडलात—”

“विषय बदलू नका.”

“तीन वर्षं तो गिअरबॉक्स बनवतोय मी. पाठ झालाय.”

“आणि तो वाऱ्याचा झोत? तोही पाठ होता?”

त्यानं कप बशीत ठेवला. “हात आपोआप चालतो,” तो हळू म्हणाला. “इथे आल्यापासून. तुमच्या पाठीला पाठ लागली, की.”

ती हसणार होती. अंगावर काटा आला म्हणून हसू राहून गेलं.

मग साखळ्या सुटल्या, आणि दोघा वैमानिकांनीच आधी चार उड्डाणं केली. पाचवं मोजणीचं होतं, वीस मिनिटांचं, आणि मागे मोजणारे बसायचे होते. आदल्या दुपारी पाहुण्यानं तिच्या टेबलावर एक कागद ठेवला. उद्याची तारीख, वीस ओळी, मिनिटाला एक. तेरा ओळींत आकडे होते. चौदावीपासून कागद कोरा.

“हे कधी लिहिलंत?”

“मघाशी. फोनवर बोलताना तुम्ही नकळत माझ्या पाठीला टेकलात तेव्हा. हात थेट उद्यापर्यंत गेला.”

परवानगीच्या कागदावर आता फक्त तिची सही राहिली होती. मोजमापं सगळी मर्यादेत होती. सही अडवायला तिच्याकडे एकही कारण नव्हतं. अडवलीच, तर तिकडची तुकडी आठवड्याच्या आत माघारी जाणार होती. त्याच्यासकट.

“तुम्ही जाऊ नका उद्या,” ती म्हणाली. “आजारी पडा.”

“मग दुसरा कुणी बसेल त्या खुर्चीत.”

“मग काय करू मी? सही केली तरी तुम्ही जाणार, नाही केली तरी जाणार...”

“तुम्ही मात्र उद्या बसू नका. एवढं ऐका.”

तिनं कागदावरच्या कोऱ्या चौदाव्या ओळीवर बोट ठेवलं.

“चौदाव्या मिनिटाला काहीतरी होतं असंच कशावरून?” ती म्हणाली. “कदाचित तुम्ही लिहायचं सोडता. मागे वळता.”

“मी? कशाला?”

“ते तुम्ही सांगायचं.”

पाहुणा लाल झाला. “वळावंसं तर रोजच वाटतं,” तो म्हणाला. “पहिल्या दिवसापासून...”

“मग उद्या मी बसणारच. पाठ नसेल, तर वळून बघणार कुणाकडे?”

तिनं सही केली.

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी हेलिकॉप्टर जमिनीवरून वर उठलं. पहिला आकडा कालच्या कागदाशी जुळला. सातवा जुळला. दहाव्याला पाहुणा इंटरकॉमवर म्हणाला, “भीती वाटतेय?”

“तुमच्या पाठीला घाम आलाय. माझी कसली चौकशी करता?”

तिला त्याचं हसू पाठीत जाणवलं.

दहा अठराला दोघांनी तेराव्या ओळीचे आकडे मोठ्यानं वाचले, आणि खाली रेडिओवर बसलेल्या मुख्य अभियंत्यांनी ते जुळल्याचं कळवलं.

तिच्या काट्यात काही फरक नव्हता. इंजिनांचा आवाज एकसारखा होता. तिनं चौदाव्या ओळीवर पेन्सिल टेकवली. मागची पेन्सिल थांबली होती, आणि पाठीवरची ऊब दूर होऊन त्याचा श्वास तिच्या मानेशी आला होता.