बाबलीचा नंबर

ही गोष्ट खरी आहे.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावस्येची रात्र लागते. इथे तसलं काही नाही. जे झालं ते उजेडात झालं, तारकर्लीच्या किनाऱ्यावर, संध्याकाळी सव्वापाचला. सूर्य अजून वर होता आणि गाडीत सगळी जागी माणसं होती.

तारीख एकवीस जानेवारी १९८४.

ज्यांच्या बाबतीत झालं ते माझे मामा. दत्ताराम गुरुजी. खारेपाटणच्या जवळ एका गावात शाळामास्तर होते. गावाचं नाव मी लिहीत नाही. त्या गावाचं मामांना जे बोलायचं ते बोलून झालं आहे, आता त्यात माझी भर नको.

मामांनी हे मला एकदाच सांगितलं. आवाज न चढवता, सुपारी कातरत. मी ते जसंच्या तसं लिहिते आहे.

चौथीचा वर्ग गुरुजींकडे पहिलीपासून होता. सव्वीस मुलं. रोज सकाळी हजेरी. गुरुजी नावं घेत नसत. मुलांनी आपापला नंबर ओळीने म्हणायचा. एक, दोन, तीन... कोणी गैरहजर असला की साखळी तुटायची आणि गुरुजींना मान वर न करता कळायचं. या पद्धतीचा त्यांना भारी अभिमान होता. तपासणीला आलेल्या साहेबांनीही कौतुक केलं होतं.

चौदा नंबर होता बाबलीचा.

बाबलीचा आवाज घोगरा आणि खणखणीत. तेरा म्हणणाऱ्याचं तोंड मिटायच्या आत हा ओरडायचा, "चौदा!" गुरुजी रागवायचे. "बाबली, शाळा बहिरी नाय रे." वर्ग हसायचा. असं चार वर्षं, रोज सकाळी.

आदल्या साली गणपतीच्या सुट्टीआधी गुरुजींनी सहल जाहीर केली. आंबोली, सावंतवाडी, मालवणचा किल्ला आणि तारकर्ली. मुलांनी यातलं काहीच पाहिलं नव्हतं. आपल्याच जिल्ह्यातला समुद्र अर्ध्या वर्गाने पाहिलेला नव्हता! पहिलं नाव दिलं बाबलीने.

दसरा झाला आणि बाबली तापाने आडवा झाला.

गुरुजी घरी बघायला गेले. पोरगं गोधडीत गुंडाळलेलं, डोळे तेवढे मोठे दिसत होते.

"गुरुजी, माझो नंबर दुसऱ्या कोणाक देव नकात हां. मी सहलीक येतलंय."

"नाय रे देवचंय. तुझो नंबर तुकाच."

चौथ्या दिवशी बाबली गेला.

गुरुजींनी हजेरीपटात त्याच्या नावावर लाल रेघ मारली. नंबर रिकामा ठेवला. सकाळी तेरानंतर मुलं एक क्षण थांबायची आणि मग पंधरा यायचे. त्या थांबण्याची कोणालाच सवय होत नव्हती.

दिवाळीनंतर सरला आली. नवरा वारला म्हणून तिची आई सावित्री मुंबई सोडून माहेरी परतली होती. ही तिची एकुलती एक पोर. बारीक चणीची, बोलली तर शेजारच्यालाच ऐकू जाईल अशी. हजेरीपटात तिला सत्ताविसावा नंबर मिळाला.

तिथपर्यंत सगळं ठीक होतं.

सहलीच्या आदल्या दिवशी गुरुजींनी विचार केला. दोन दिवसांची सहल, परकी ठिकाणं, गर्दी. मोजणी चोख हवी. मध्येच रिकामा नंबर असला तर मुलं अडखळणार. सव्वीस मुलांचे सव्वीस नंबर सलग असलेले बरे.

त्यांनी सरलाला सांगितलं, "सहलीपुरतो तुझो नंबर चौदा."

दिलेला शब्द त्यांना आठवला होता. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं. आठवला, आणि ते स्वतःवरच हसले. मेलेल्या पोराला कसला नंबर!

निघताना सावित्रीने गुरुजींना हात जोडले. "गुरुजी, माका ह्या एकच आसा."

"माज्या जबाबदारीवर नेतंय. चिंता करू नको."

आंबोलीला पोचले तेव्हा दुपार झाली होती. जानेवारीत धबधबा कुठला! नुसता काळा, कोरडा कडा. मुलं हिरमुसली. शिपाई धोंडू म्हणाला, "पावसाळ्यात येवक होया." पण दरीच्या कठड्याशी वारा होता, माकडं होती. पोरं खूश झाली.

गाडीत बसल्यावर पहिली मोजणी.

"...बारा."

"तेरा."

"चौदा," सरला म्हणाली.

आणि लगेच मागच्या सीटवरून...

"चौदा!"

घोगरा आवाज. खणखणीत.

"कोण रे तो मस्करी करता?" गुरुजी उठले. मागची लांब सीट बघितली. तिथे चार मुलं बसली होती. चौघंही दोन्हीकडच्या खिडक्यांना चिकटून, मधली जागा मोकळी सोडून.

एरवी असल्या मस्करीला वर्ग खो खो हसला असता.

कोणीही हसलं नाही.

सावंतवाडीला मोती तलाव बघितला, लाकडी खेळणी बघितली. सरलाने आईसाठी एक लाकडी आंबा घेतला, खऱ्यासारखा रंगवलेला. तो तिने दोनदा गुरुजींना दाखवला.

तलावाच्या काठावर दुसरी मोजणी. बारा... तेरा... चौदा... पंधरा... सव्वीस. झक्क! गुरुजी वळले, तर सरला त्यांच्या सदऱ्याला हात लावून उभी.

"गुरुजी, मी बोललेच नाही अजून."

"अगो, ऐकलंय मी."

"मी नाही बोलले."

तिची मैत्रीण तुळसा तिला ओढून घेऊन गेली. तिच्या कानात काहीतरी म्हणाली. पुन्हा सरलाने तो विषय काढला नाही. तिथे एकदा थांबून विचारलं असतं तर? मामांनी हे वाक्य अर्धंच म्हटलं.

रात्री मालवणात एका शाळेच्या खोलीत मुक्काम केला. सकाळी किल्ल्यावर जायला धक्क्यावर आले. होडीवाल्याने मुलांना बसवता बसवता डोकी मोजली.

"गुरुजी, सव्वीस म्हणालात मां? ही सत्तावीस झाली."

"सव्वीसच आसत."

"ओ, सत्तावीस. दोनदा मोजलंय."

गुरुजींनी एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजलं. सव्वीस. होडीवाला हसला, म्हणाला, उन्हाने डोळे फसतात. पण वल्हं मारताना तो सारखा होडीच्या टोकाकडे बघत होता... तिथे कोणी बसलं नव्हतं.

किल्ला झाला. जेवण झालं. तीन वाजता तारकर्ली.

तेव्हा तारकर्लीला आजच्यासारखी हॉटेलं नव्हती. माड, सुरूची झाडं, रापणीचं जाळं ओढणारे चार लोक आणि लांबच लांब पांढरी वाळू. मुलं वेडी झाली. गुरुजींनी बजावलं होतं, गुडघ्याच्या वर पाणी नको. धोंडू एका टोकाला, गुरुजी दुसऱ्या टोकाला. दोन तास कसे गेले कळलं नाही.

ड्रायव्हर गणपत घाई करायला लागला. "गुरुजी, बेगीन चला. हेडलायटीचो भरवसो नाय."

मुलं ओल्या कपड्यांनी, वाळू भरलेल्या पायांनी गाडीत चढली. कोण कुठे बसलं त्याचा पत्ता नाही. गोंधळ, भांडणं, शंख-शिंपल्यांची वाटावाट. गुरुजी दाराच्या पायरीवर उभे राहिले. गणपतने गाडी सुरू केली होती.

"मोजा रे!"

एक. दोन. तीन.

...अकरा.

बारा.

तेरा.

"चौदा!"

पंधरा. सोळा. शेवटी सव्वीस.

"चला," गुरुजी म्हणाले.

मी मामांना विचारलं होतं, "आवाज ओळखला नाहीत?"

सुपारी कातरायची थांबली.

"ओळखीचो होतो, म्हणानच चुकलंय," ते म्हणाले. "चार वर्षां तेराच्या मागसून तोच आवाज ऐकलेलो. कानाक काय खटाकलाच नाय गो. उलट... बरा वाटला."

कणकवलीला चहासाठी गाडी थांबली. मुलं उतरली. तुळसा उतरली नाही. तिच्या शेजारच्या जागेवर सरलाची पिशवी होती. पिशवीवर लाकडी आंबा.

"सरला खंय?"

तुळसा म्हणाली, "माका वाटला, ता फुडे बसला."

गाडी उलटी फिरली. तारकर्लीला पोचेपर्यंत काळोख झाला होता. रापणवाले कंदील घेऊन आले, होड्या काढल्या. गुरुजी घसा फाटेपर्यंत हाका मारत होते. सुरूच्या बनाशी सरलाच्या चपला सापडल्या. नीट जोडीने काढून ठेवलेल्या, टोकं समुद्राकडे.

तीन दिवस शोध चालला. समुद्राने काहीच परत दिलं नाही. ना पोरगी, ना फ्रॉकची चिंधी.

मग चौकशी. तालुक्याहून साहेब आले.

"मोजणी केली होती का?"

"केली होती."

"एक मूल कमी असताना सव्वीस कशी भरली?"

साहेबांनी मुलांना बोलावलं. सगळी म्हणाली, मोजणी झाली. साहेबांनी तुळसाला पुढे घेतलं.

"चौदा कोण म्हणालं?"

"बाबली."

साहेबांना कळलं नाही. गुरुजींना कळलं. ते खुर्चीचा हात धरून उभे राहिले.

"तुळसा... काय बोलतंस गो?"

"बाबलीच म्हणालो, गुरुजी. तो पयल्यापासून होतो. मागच्या शीटवर. आंबोलीत पण होतो, होडयेत पण होतो."

"मगे माका सांगलंस कित्याक नाय?"

तुळसा रडायला लागली. बाकीची मुलं जमिनीकडे बघत होती. एकानेही ती खोटं बोलते असं म्हटलं नाही.

"आमका वाटला, तुमीच तेका घेवन इलास. तुमी तेका सबूद दिल्लास मां? तेचोच नंबर तो."

साहेबांनी बाबली कोण ते विचारलं. धोंडूने हळूच सांगितलं. साहेबांनी पेनाला टोपण लावलं, मग टोपण काढून एकच ओळ लिहिली. 'शिक्षकाने मोजणी केली नाही.'

गुरुजींनी खाली सही केली. साहेब तरी दुसरं काय लिहिणार होते?

गुरुजी नोकरीतून निलंबित झाले. गावाने त्यांचं नाव टाकलं. ज्यांच्या पोरांना त्यांनी फुकट शिकवण्या दिल्या, त्यांनी अंगणातही उभं राहू दिलं नाही. पोरगी खाल्ली मास्तराने, असं पाणवठ्यावर त्यांच्या बायकोला ऐकवलं. एकाच बाईने कधी वाकडा शब्द काढला नाही. सावित्रीने. कारण तिच्या लेखी सरला मेलेलीच नव्हती. कोणीतरी नेली असणार. कुठेतरी मोठी होत असणार.

दीड वर्षाने गुरुजींना पुन्हा कामावर घेतलं आणि बदली केली बांद्याच्या बाजूला. नवी शाळा, नवी मुलं. कोणी त्यांना ओळखत नव्हतं. जूनमधला शाळेचा पहिला दिवस. नंबर म्हणायची पद्धत त्यांनी कायमची सोडली होती. नावं घेऊनच हजेरी सुरू केली. दहा, अकरा, बारा नावं झाली. तेरावं नाव घेतलं. मूल "हजर" म्हणालं. गुरुजी पुढचं नाव वाचायला थांबले, आणि तेवढ्यात...

"चौदा."

घोगरा नव्हता. बारीक होता. शेजारच्यालाच ऐकू जाईल असा.

वर्गात एकाही मुलाने मान वळवली नाही.

त्या दिवशी गुरुजींना कळलं की सरला कुठे आहे. आणि ते कळल्याचं कोणाला सांगायची सोय नव्हती.

सावित्री दर वर्षी गणपतीत त्यांच्या घरी यायची. दोन गाड्या बदलून. ओटीवर बसायची, चहा घ्यायची आणि निघताना लेकीबद्दल तेच विचारायची.

"गुरुजी, माझा चेडू जिता आसा मां ओ? मिळतला मां?"

आणि गुरुजी, ज्यांनी आयुष्यभर मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं, ते मान खाली घालून म्हणायचे, "आसा, सावित्री. मिळतला."

ते निवृत्त होईपर्यंत तेराव्या नावानंतर रोज थांबत राहिले. आवाज रोज यायचा का? मी विचारलं होतं. मामांनी अडकित्ता मिटला. सुपारी माझ्या हातावर ठेवली आणि आत गेले.

मामा गेले तेव्हा सावित्री आली. केस पूर्ण पांढरे. पिशवीतून तिने तो लाकडी आंबा काढला. रंग उडालेला, पण स्वच्छ पुसलेला. म्हणाली, हा बघून सरला मला ओळखेल. मग माझा हात धरून तिने विचारलं.

"गुरुजींनी जाताना काय सांगल्यानी काय गो? माझ्या चेडवाबद्दल?"

मला खरं सांगता आलं असतं.

मी म्हटलं, "सांगितलं. मिळेल म्हणाले."

ती हसली. पुढच्या गणपतीत येते म्हणाली. आता दर वर्षी ती माझ्याकडे येते.