दुसरा ठोका

लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा सासूबाईंनी नव्या सुनेला पहिलं काम सांगितलं, ते अगदीच साधं. शेजारच्या शिवणवाल्या मावशीकडे उशांचे अभ्रे टाकले होते, ते आणायचे.

"जा, पण दिवे लागायच्या आत परत ये," त्या म्हणाल्या. "तिथे टेकलीस की ती जगाचं उसवलेलं तुझ्यापुढे मांडून बसेल. कपड्यांतलंही आणि घराघरांतलंही."

सून नुसती हसली. ती मुळातच कमी बोलणारी. माहेरी तिला 'मुकं पाखरू' म्हणत. पण तोंड मिटलेलं असलं की कानांना काम जास्त मिळतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

मावशीने अभ्रे हातात दिले आणि देता देता सुनेची हनुवटी धरून तोंड दारातल्या उजेडाकडे वळवलं. "बघू तरी, आईंनी सून म्हणून काय निवडून आणलंय ते!" तिची बोटं बर्फासारखी होती. सून दचकली.

"अगं, घाबरतेस काय? जिवंत आहे मी!" मावशी खिदळली. "दिवसभर हातात लोखंडी कात्री. बोटं कसली ऊन राहतात? माझा नवरा हयात असताना म्हणायचा, तुला उन्हाळ्यात जवळ करावी आणि थंडीत माहेरी धाडावी."

सून घरी आली, तेव्हा सासूबाई भिंतीपाशी उभ्या होत्या. हातात कपडे बडवायची लाकडी मोगरी. त्यांनी भिंतीवर मोगरीने दोनदा ठोकलं. ठक्... आणि मग जरा थांबून, जडसा, ठक्.

पलीकडून मावशीची कात्री वाजली. कडक, घाईची, टकटक. मग आणखी पलीकडून बोटांच्या पेरांचा मऊ आवाज. आणि कान देऊन ऐकलं तर सगळ्यात शेवटी, अगदी विहिरीच्या तळातून यावा तसा, काठीचा. मग तेच सगळं उलट परत आलं. सासूबाईंनी मोगरी खुंटीला अडकवली आणि म्हणाल्या, "झालं. वाढ आता."

ती ओळ चार घरांची. भिंतीला भिंत लावून उभी. पहिलं सासूबाईंचं, दुसरं मावशीचं, तिसऱ्यात घड्याळं दुरुस्त करणारे काका राहत आणि चौथ्यात एक म्हातारे मास्तर. ते तिघंही एकेकटे. सगळेच सासूबाईंना 'आई' म्हणत, वयाने मोठे असलेले मास्तरसुद्धा. तरुणपणी नवरा गेल्यावर आईंनी इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी पिळून मुलाला वाढवलं होतं. पिळायच्या यंत्रात एकदा उजवं मनगट सापडलं, ते वाकडंच जुळलं. म्हणून त्यांचा दुसरा ठोका नेहमी उशिरा पडे. हात उचलायला एक क्षण जास्त लागे, आणि मग तो सगळ्या वजनानिशी खाली येई.

"हे कशासाठी, आई?" सुनेने विचारलं होतं.

"फार पूर्वी याच ओळीत एक बाई तापाने फणफणून गेली. पलीकडे ती तडफडत होती आणि अलीकडे माणसं पत्ते कुटत होती. मी म्हटलं, भिंतीला कान असतात म्हणतात ना? मग तिला तोंडही देऊ. ठोका फिरून आला की जेवायचं. नाही आला, की ताट झाकायचं आणि बघायला निघायचं." आई थांबल्या. "वाट बघायला लावू नये गं माणसाला. मरणाइतकं वाईट असतं ते."

पुढे तीनेक महिन्यांनी आई गेल्या, त्या वाट बघतच. दिवेलागणीला त्यांनी ठोका दिला. त्या दिवशी मास्तरांना काठी सापडेना. उत्तर यायला उशीर झाला. आई भिंतीला तळहात टेकवून उभ्या होत्या, आणि तशाच हळूहळू खाली बसल्या. सून धावली. काठीचा आवाज फिरत फिरत पोचला तेव्हा ऐकायला त्या उरल्या नव्हत्या.

त्यांच्या मागे इतकी माणसं चालली की रस्त्यावरची दुकानं आपोआप बंद झाली. कुणाचं बाळंतपण त्यांनी निभावलं होतं, कुणाचं भांडण मिटवलं होतं, कुणाला नुसतं चार शिव्या घालून सरळ केलं होतं. सुनेला वाटलं, आपण एका बाईच्या नाही, एका आख्ख्या वस्तीच्या घरात लग्न करून आलो होतो.

नवरा छापखान्यात रात्रपाळीला जाई. तो म्हणाला, "आता हे ठोकाठोकीचं पुरे. छापखान्याजवळ खोली मिळतेय. जाऊ या."

"आणि इथले?"

"इथल्यांचं बघायला तू काय त्यांची आई आहेस?"

 दिवेलागणीला सुनेने खुंटीवरून मोगरी काढली आणि भिंतीवर दोनदा ठोकलं. नवऱ्याने कपाळावर हात मारला आणि डबा उचलून कामावर गेला. त्यानंतर खोलीचा विषय निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी म्हणाली, "काय गं, ठोकतेस की भिंतीवरचं झुरळ मारतेस? मेलं कळलंच नाही मला!"

हळूहळू सुनेचा हात बसला. ठोका जाई, फिरून येई, आणि ती एकटीच जेवायला बसे.

पावसाळा सरता सरता एका सकाळी दूधवाल्याने मास्तरांचं दार ठोठावलं. कुणी उघडेना, आतून वास येत होता. कडी तोडली. मास्तर खाटेवर होते. डॉक्टर नाकाला रुमाल लावून म्हणाले, "दोन-तीन दिवस झाले असतील."

"शक्य नाही," मावशी म्हणाली. "काल संध्याकाळी उत्तर आलंय."

"परवाही आलं होतं," घड्याळवाले काका म्हणाले. त्यांना अजिबात ऐकू येत नसे. ते दिवेलागणीला भिंतीला पाठ टेकवून बसत आणि ठोका हाडांनी टिपत. "पाठीला कळलं ना माझ्या! फक्त..."

"फक्त काय?"

काकांनी ओठांवरून प्रश्न वाचला आणि मान वळवली. "काही नाही. म्हातारा माणूस. हात जड झाला असेल, असं वाटलं मला."

लोक म्हणाले, घुमला असेल आवाज, जुन्या भिंती, पोकळ विटा.  सून घरी येऊन मोगरीकडे बघत बसली. तिने ते उत्तर ऐकलं होतं. लांबचं, पुसट. एक ठोका. मग एक थांबणं. मग एक जड ठोका. तिने ऐकलं होतं, आणि ठोका फिरून आला म्हणून निवांत जेवली होती.

त्यानंतर ओळ तिघांची उरली. सून रोज ठोका देई आणि श्वास रोखून उत्तर ऐके. कात्री, पेरं, परत कात्री. सगळं ज्याचं त्याचं. आणि मग एका संध्याकाळी, बाहेर कुत्रीसुद्धा गप्प असताना, तिने ठोका दिला, मावशीची कात्री वाजली, आणि काकांच्या घरातून उत्तर आलं.

ठक्...

सुनेच्या काळजाचा ठोका चुकला.

...ठक्.

मावशीने नेहमीप्रमाणे कात्री वाजवून ते पुढे धाडलं. ठोका फिरून आला. नियमाने सगळं ठीक होतं. ताट वाढायचं, जेवायचं.

सुनेने कंदील उचलला.

मावशी दारातच होती, तोंडाचा रंग उडालेला. "तूही... ऐकलंस?"

"मावशी, चला."

"अगं पण उत्तर आलंय ना? उत्तर आलंय म्हणजे..."

"म्हणूनच चला."

काकांचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत अंधार आणि तेलाचा, पितळेचा वास. भिंतीभर घड्याळं, प्रत्येकाची टिकटिक वेगळी. काका खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला पडले होते, कामाच्या टेबलाखाली, पाय भलत्याच दिशेला वळलेला. भिंतीपर्यंत त्यांचा हात पोचणं अशक्यच होतं. पण जीव होता. मावशी डॉक्टरांना बोलवायला धावली. सुनेने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

"दुपारपासून पडलोय, पोरी," काका पुटपुटले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते दुखण्याचं वाटत नव्हतं. "कुणीतरी ठोकलं... इथून, आतून. मला ऐकू आलं. कानांनी. कितीतरी वर्षांनी ऐकू आलं गं."

त्यांना इस्पितळात पोचवून सून घरी आली. डोकं थंड होतं. आता तिला उलगडलं होतं. आई गेल्या त्या उत्तराची वाट बघत. आता त्या कुणालाच वाट बघू देत नव्हत्या. ज्याला ठोकता येत नाही, त्याच्या बदल्यात त्या ठोकत होत्या.

तिने भिंतीवर तळहात ठेवला, आई ठेवत तिथेच.

"आई," ती म्हणाली. एवढं सलग ती आजवर कुणाशीच बोलली नव्हती. "तुमची माया कळते मला. पण तुम्ही उत्तर देता, आणि आम्ही निर्धास्त जेवायला बसतो. मास्तर तसेच पडून राहिले. काकाही राहिले असते. तुम्ही गप्प बसलात, तरच आम्हाला कळेल. मी राहीन उभी वाट बघत. मला चालेल. पण तुम्ही... आता नका."

भिंत गप्प होती. वाकड्या मनगटाचा हात खाली पडताना भिंतीला घासावा तसा काहीतरी आवाज आला, की तिला वाटला. मग तोही नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मावशीला नवा नियम सांगितला. "आजपासून ठोक्यावर विश्वास नाही. ठोका झाला की मी दारोदार येऊन तोंड बघणार."

"आणि सूनबाई, तुझं तोंड कोण बघणार? नवरा तर रात्रभर शाई फासत असतो."

"तुम्ही."

"चालेल बाई. कुणीतरी बघण्यासारखं तोंड आहे ओळीत, एवढं तरी बरं."

थंडी सुरू झाली. काका कुबडी घेऊन घरी परतले. दिवेलागणीला ठोके होत, मग कंदील घेऊन सून दोन दारं हिंडे, आणि तिच्यामागोमाग मावशी येऊन तिला बघून जाई. जड ठोका पुन्हा आला नाही. सुनेला वाटलं, आईंनी ऐकलं आपलं.

मग ती संध्याकाळ. दुपारी सुनेचं डोकं जरा जड झालं म्हणून ती आडवी झाली होती. जाग आली तेव्हा खोलीत अंधारून आलं होतं. उशीर झाला, असं म्हणत ती उठली, मोगरीकडे हात केला, तोच दारावर थाप पडली. मावशी होती.

"आले गं बघायला. आज तू आलीच नाहीस, ना माझ्याकडे ना काकांकडे. आम्ही दोघं वाट बघून थकलो."

"ठोका झाल्यावर येणार ना मी. थांबा, आता देतेच."

मावशी उंबऱ्यातच थांबली. "आता देतेस?... अगं, ठोका मघाशीच झाला. मी उत्तर दिलं. काकांनी दिलं."

"मी तर आत्ता उठतेय, मावशी."

दोघींनी एकदम खुंटीकडे पाहिलं. मोगरी तिथेच होती. वारा नव्हता. ती अगदी हळू, लटकलेल्या घड्याळाच्या लोलकासारखी, हलत होती.

"कसा होता?" सुनेने विचारलं. "दुसरा ठोका?"

मावशीने खुंटीवरून नजर काढली. ती आत आली, हातातल्या कंदिलाची वात मोठी केली आणि पहिल्या दिवशीसारखी सुनेची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. कितीतरी वेळ ती बघत राहिली.

"आहेस ना गं?" ती कुजबुजली.

"आहे," सून ठामपणे म्हणाली. "मी कुठे जातेय?" आणि तिने हात लांबवून मोगरी खुंटीवरून उतरवली, कारण आजचा ठोका तिला स्वतःच्या हाताने द्यायचा होता.

पण मावशी हनुवटी सोडत नव्हती. आणि तिची ती बारमाही गारठलेली बोटं आज सुनेला ऊन लागत होती. चटका बसावा इतकी ऊन.