गसची लिंबोणी

त्या पेटत्या पिंपात अजून एक ओंडका टाका रे, आणि खुर्च्या जरा जवळ ओढा. जुलै म्हणजे इथे ऐन हिवाळा, पहाटे उठून तुम्हाला माझी संत्री तोडायची आहेत, आणि तरी तुम्हाला भुताची गोष्ट हवी. बरं, सांगतो. पण ही ऐकीव नाही. ज्याच्या बाबतीत घडलं तो ब्रॉडी हॅडो माझ्याच शेडमध्ये खोकी भरायचा. एका संध्याकाळी रिकाम्या खोक्यावर बसून, स्वतःच्या बुटांकडे बघत त्याने मला सगळं सांगितलं. या पानोसला एकाहत्तरावं लागलंय. थापा मारायच्या असत्या तर बायकोला मारल्या असत्या, तुम्हाला मारून काय मिळणार?

गेल्या वर्षीची अकरा जुलै, शुक्रवार. रात्रीचे दहा वाजले होते. आपल्या राज्याच्या सीमेपलीकडच्या शेवटच्या गावात ब्रॉडी पेट्रोल भरायला थांबला. मुलीसाठी दूध आणि बायकोसाठी गरम चिप्स घेतल्या, ट्रेलरचे दोर ओढून पाहिले. सिडनीहून निघून दोन दिवस झाले होते. एक मुक्काम झाला, एकदा ट्रेलरचं चाक पंक्चर झालं, म्हणून एवढी रात्र.

का निघाले म्हणता? सगळे का निघतात? सिडनीत तीन वर्षांत तीन भाड्याची घरं झाली. दर वेळी मालक म्हणायचा, घर विकतोय, रिकामं करा. ब्रॉडी पहाटे पाचला बाहेर पडायचा आणि मिली झोपल्यावर घरी यायचा. पाच वर्षांची पोर बापाला रविवारी बघायची. इथे नदीकाठी त्यांना स्वतःचं घर परवडलं. जुनं, पण मागे अंगण असलेलं.

आणि अंगणाचंच खरं कारण होतं. मिलीच्या पाठीवर त्यांना मुलगा झाला होता. गस. तो अर्धा तास जगला. त्याची मूठभर राख पुरायला त्यांच्याकडे जमीन नव्हती. भाड्याच्या घरात पुरून उद्या ते घर सोडावं लागलं तर? म्हणून त्याच्या बायकोने, टीगनने, एक निळी कुंडी आणली, मातीत राख मिसळली आणि वर लिंबोणीचं रोप लावलं. घरं बदलली तशी कुंडी बरोबर फिरली. टीगनने दुसऱ्या राज्यात यायला एकच अट घातली होती.

"गस येणार असेल तर मी येते. आणि तिथे गेल्यावर त्याला जमिनीत लावायचं. आपल्या जमिनीत. मग कुणाचा बाप आला तरी तिथून उठायचं नाही."

"लावू की," ब्रॉडी म्हणाला होता.

तुम्ही हसू नका, पण इथे आमच्या बागा कशावर जगतात ते तुम्हाला माहीत आहे. फळमाशीवर. म्हणजे ती इकडे न येण्यावर. बाहेरच्या राज्यातलं फळ, लिंबू-संत्र्याचं रोप, मातीचं ढेकूळसुद्धा सीमा ओलांडू शकत नाही. ब्रॉडीला हे महिनाभर आधीच कळलं होतं. घराच्या कागदांबरोबर पत्रकच आलं होतं. त्याने ते वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि मूग गिळून बसला. टीगनला सांगितलं असतं तर ती आली नसती. बघू तिथे गेल्यावर, असं त्याने स्वतःला समजावलं.

चिप्स खाता खाता टीगनने मागे ट्रेलरकडे पाहिलं. "तुम्हा दोघांपेक्षा गस शहाणा. एवढ्या प्रवासात एकदा तरी म्हणाला का, अजून किती लांब?"

"एकदाही नाही," मिली दुधाच्या मिशा पुसत म्हणाली. "सू लागली पण नाही म्हणाला."

तिघंही हसली. थोड्या वेळाने मायलेकी झोपल्या.

अकरा वाजून दहा मिनिटांनी गाडीच्या दिव्यांत पाटी आली. फळं, भाज्या, रोपं इथे टाका. पाटीखाली मोठी झाकणाची पेटी होती. ब्रॉडीने गाडी अगदी हळू थांबवली. दारही लोटलं फक्त, आपटलं नाही.

पुढे फळं तपासायच्या चौकीत जाऊन त्याने खरं सांगितलं असतं तर काही मार्ग निघालाही असता. तीही माणसंच आहेत. हे मी त्याला नंतर म्हणालो. तो म्हणाला, "सांगितलं असतं, पण तेवढ्यात टीगन जागी झाली असती ना."

पेटीचं तोंड अरुंद होतं. कुंडी आत जाईना. मग त्याने बुंध्याला धरून झाड उपटलं. मुळांनी माती घट्ट धरली होती. त्याने जोर लावला तेव्हा मुळं करकरली. झाड आत टाकलं. कुंडी उलटी करून माती आत ओतली, तळ थोपटून उरलेली झाडली. बाजूच्या नळावर कुंडी धुतली, हात धुतले, आणि धुतलेली कुंडी पुन्हा ताडपत्रीखाली नीट ठेवली. सकाळी इथल्या रोपवाटिकेतून तसंच दुसरं झाड आणायचं, तिला कळणारही नाही. हा त्याचा बेत.

चौकीवर एक वयस्क बाई होती. तिने ट्रेलर पाहिला, कुंडीत बॅटरी मारली, मग खिडकीतून आत.

"चौघंच ना?"

"तिघं," ब्रॉडी म्हणाला.

बाईने बॅटरी पुन्हा मागच्या सीटवर फिरवली. थोडा वेळ तशीच धरली. "बरं बाबा, तू म्हणशील तसं. पण त्या धाकट्याच्या अंगावर काहीतरी घाल. एवढ्या थंडीत उघडं ठेवतात होय?"

ब्रॉडीने मागे वळून पाहिलं. मिली एका कडेला अंग चोरून झोपली होती. बाकी सीट रिकामी.

"आणि घड्याळ अर्धा तास मागे घे, इकडची वेळ मागे आहे," बाई म्हणाली. "आमच्याकडे येणाऱ्याला अर्धा तास जास्तीचा मिळतो."

अर्धा तास. गस तेवढाच जगला होता. त्याने गाडी पुढे काढली.

सकाळी टीगन उठायच्या आत त्याने झाड आणलं, कुंडीत बसवलं. तिने पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. "बघ रे, एका रात्रीत कसा टवटवीत झाला! हवा मानवली माझ्या पोराला." दुपारी तिने स्वतः कुदळ घेऊन व्हरांड्याजवळ खड्डा केला आणि झाड जमिनीत लावलं. संध्याकाळपर्यंत ती त्याच्याशी बोलत बसली होती. तीन वर्षांत तिला इतकं सुखी त्याने पाहिलं नव्हतं. तुम्हीच सांगा, अशा बाईला खरं कोण सांगेल? पण सांगायला हवं होतं. माझा त्याच्यावर राग आहे तो एवढाच.

मिली मात्र झाडाला पाणी घालेना.

"तो नाहीये त्यात."

"असं बोलू नये राणी," टीगन म्हणाली.

रात्री बापाने पांघरूण घातलं तेव्हा पोर हळूच म्हणाली, "बाबा, तो येतोय. पण त्याला चालता येत नाही ना, म्हणून उशीर होतोय. रांगत येतोय."

"कुठून?"

"त्या पेटीपासून."

ब्रॉडीने दिवा घालवला नाही. दुसऱ्या रात्री ती म्हणाली, तो वाकड्या पाटीपाशी पोचलाय. तिसऱ्या रात्री, उंच पाण्याच्या टाकीपाशी. सीमेपासून या गावापर्यंतचा रस्ता तिने पाहिलाच नव्हता. ती झोपलेली होती. वाकडी पाटी आणि टाकी, दोन्ही त्या रस्त्यावर आहेत. तुम्हीही पाहिली असतील.

मंगळवारी, पंधरा तारखेला, ब्रॉडीला राहवेना. सोमवारीच तो माझ्या शेडमध्ये कामाला लागला होता; तिथे जादा काम आहे असं सांगून तो निघाला आणि सीमेवर गेला. पेटी रिकामी होती. तिथला पोरगा म्हणाला, "काल नेलं सगळं. खोल खड्ड्यात पुरतात आणि वर चुना टाकतात. आत काही जिवंत राहता कामा नये, दादा. का, काही हरवलं का?"

"नाही," ब्रॉडी म्हणाला.

परत येताना साडेदहा वाजले होते. रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती. टाकी मागे पडली. मग दोन्ही बाजूंना नुसती झुडपं. हीटर चालू असून काचेवर आतून दव धरायला लागलं.

दिव्यांच्या टोकाला, रस्त्याच्या कडेला... काहीतरी बुटकं.

ससा असेल. कांगारूचं पिल्लू असेल.

ते उडी मारत नव्हतं.

एक हात पुढे. मग थांबायचं. मग दुसरा हात.

ब्रॉडीने वेग कमी केला. दिवे त्याच्यावर पडले. ते थांबलं. मान वळवायला त्याला फार वेळ लागला... मान धरता येत नव्हती त्याला.

आणि दोन्ही हात वर झाले. उचलून घे म्हणताना पोरं करतात तसे.

ब्रॉडीचा पाय ब्रेकवर होता. दार उघडायचं होतं फक्त. दार...

त्याने पाय उचलला आणि वेग वाढवला.

आरशात त्याने पाहिलं नाही. घरी येईपर्यंत एकदाही नाही. हे सांगताना तो खोक्यावर वाकून बसला होता. म्हणाला, "पानोस, माझं पोर होतं ते. मी घाबरलो माझ्याच पोराला."



त्या रात्री मिली काही बोलली नाही. पुढच्या रात्रीही नाही. ब्रॉडीला वाटलं, संपलं. शनिवारी, एकोणीस तारखेला, मी आणि त्याने मिळून व्हरांड्याची पायरी केली. जुनी लाकडी कुजली होती. संध्याकाळी पाचला काँक्रीट ओतून थापी फिरवली आणि टीगन म्हणाली, "थांबा, हात उमटवायचे. आपलं घर आहे, मालक विचारायला येणार नाही." आधी ब्रॉडीचा पंजा, त्याशेजारी तिचा, मग मिलीचा. मलाही उमटव म्हणत होती. मी म्हटलं, मला माझी पायरी आहे. खूप हसली होती ती त्या दिवशी.

मिलीने तिच्या पंजाशेजारी बोटाने एक छोटा चौकोन काढला. "इथे कुणी हात लावायचा नाही. गसची जागा आहे."

टीगनने तिचा मुका घेतला. ब्रॉडी आत निघून गेला.

थंडीत काँक्रीट लवकर आळत नाही. रात्री पावणेअकराला ब्रॉडी जागाच होता. बाहेर फाटक वाजलं नाही. कुत्री भुंकली नाहीत. फक्त ओल्या गवतावर... घासल्यासारखं. थांबायचं. पुन्हा घासायचं.

व्हरांड्याशी आलं.

लिंबोणीची पानं हलली. वारा नव्हता.

मग बराच वेळ काही नाही.

मिलीच्या खोलीतून आवाज आला. झोपेतला नव्हता. "गस... ते तुझं नाहीये रे. बाबांनी दुसरंच आणलंय..."

ब्रॉडी उठला नाही. शेजारी टीगनचे डोळे उघडे होते. किती वेळापासून, कोण जाणे.

बाहेर पुन्हा घासल्याचा आवाज आला. या वेळी तो लांब गेला.

सकाळी टीगन पायरीपाशी उभी होती. ब्रॉडी मागे येऊन थांबला. तिने वळूनही पाहिलं नाही.

"कुठे टाकलंस त्याला?"

त्याने सांगितलं. ती ओरडली नाही, रडली नाही. मिलीला स्वेटर घातला, गाडीची किल्ली घेतली आणि दोघी सीमेच्या रस्त्याने निघून गेल्या. दिवसभर त्या पेटीपाशी बसल्या होत्या म्हणे. नंतर टीगन सिडनीला आईकडे गेली, आणि तिथून आणखी कुठेतरी. ब्रॉडीचा फोन तिने पुन्हा घेतला नाही. तो सहा आठवडे माझ्याकडे होता. आता रात्रीच्या फेरीवर ट्रक चालवतो, याच रस्त्यावर. त्या टाकीनंतर तो गाडी पायी चालल्यासारखी हळू नेतो. कडेला बघत. अजून त्याला काही दिसलेलं नाही.

घर बंद आहे. लिंबोणी मात्र जोमात आहे, या हंगामात फळंही धरलीत. कुणी तोडत नाही.

उद्या उजेडात तुम्हाला पायरी दाखवतो. तीन पंजे आहेत, तिघांची बोटं घराकडे. आणि मिलीने काढलेल्या चौकोनात चौथा आहे, आलुबुखाराएवढा. त्याची बोटं रस्त्याकडे आहेत.