सगळ्यात वरचा पर्याय

किल्लीवाला त्या दुपारी जेवायला गेला नसता, तर फोटोवाली शेजारच्या दुकानाची पायरी कधीच चढली नसती. कुलपात तुटलेल्या किल्लीचा अर्धा तुकडा तळहातावर घेऊन ती दारात उभी राहिली. "तो येईपर्यंत इथे थांबू का? बाहेर फार ऊन आहे."

आतल्या दुकानदाराने स्टूल पुढे सरकवलं. तो बिघडलेले संगणक दुरुस्त करायचा, म्हणून गल्ली त्याला डॉक्टर म्हणे. पुढे दुकान, मागे खोली. खोलीत एक खाट, एक ताट, आणि लोकांच्या संगणकांची मंद घरघर, हीच काय ती सोबत. लांब राहणारी ताई फोनवर चिडवायची, "तुझं बोलणं म्हणजे झिप फाइल आहे रे. उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळतच नाही."

स्टुलावर बसल्या बसल्या फोटोवालीने सगळं सांगून टाकलं. गल्लीच्या टोकाचा स्टुडिओ तिच्या वडिलांचा. त्यांची नजर गेली होती, आणि आता भाऊ दोघांना आपल्या शहरात नेणार होता. गावाची लग्नं, शाळांचे वर्ग, ओळखपत्रांचे गंभीर चेहरे, सारं एका जुन्या संगणकात अडकलं होतं. ते डिस्कवर उतरवायचं होतं.

"पेशंट म्हातारा आहे, डॉक्टर. घरी येऊन तपासाल का?"

तो गेला. रंगवलेल्या डोंगरांच्या पडद्यापुढे, गिऱ्हाईक बसायचं त्या खुर्चीत तिचे बाबा बसले होते. त्याने त्यांना नमस्कार केला, डिस्क जोडली आणि पहिल्या वर्षाचे फोटो निवडले. बॅकअप घेताना फाइली किती दाबायच्या, हे विचारणारी चौकट पडद्यावर उघडली. सगळ्यात खाली ‘नुसतं साठवा’, सगळ्यात वर ‘सर्वोच्च’.

"कोणता घ्यायचा?" ती त्याच्या खांद्यावरून वाकली. केसांना साध्या साबणाचा वास होता.

उत्तर त्याला ठाऊक होतं. फोटो काढतानाच कॅमेरा त्यांना दाबून लहान करतो. पुन्हा दाबून ते आणखी लहान होत नाहीत, यंत्राला मात्र उगाच धाप लागते. खालच्या पर्यायाने काम चहा निवायच्या आत उरकलं असतं. वरच्याने संध्याकाळ झाली असती.

"सगळ्यात वरचा," तो म्हणाला. "जागा वाचते." आणि त्याचे कान तापले.

मग एकेका वर्षाला एकेक दुपार लागू लागली. निळी पट्टी मुंगीच्या पावलाने सरके, आणि तोवर ती त्याला फोटो दाखवत बसे. हा नवरा मुलगा डोळे मिटल्याशिवाय हसत नसे, या बाई दर वर्षी तीच साडी नेसून येत. तो ऐके. त्याची नजर वेगळ्याच गोष्टीची वाट पाहत असे. एखादा काळोखा फोटो आला, की त्या काळ्या काचेत तिचा चेहरा उमटे... तेवढ्या क्षणापुरतं त्याला तिच्याकडे धीटपणे पाहता येई.

"आमच्या वेळी फोटो अंधारात धुवायचो," बाबा खुर्चीतून म्हणत. "आता उजेडात दाबतात म्हणे. तरी वेळ तेवढाच?"

"पेशंट म्हातारा आहे, बाबा," ती म्हणे, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबून धरी.

बोलायचं होतं ते रोज त्याच्या घशापर्यंत येई. पट्टी भरली, की डिस्क काढून तो चपला शोधू लागे. असं करता करता शेवटचं वर्ष उरलं. स्टुडिओतले दिवे उतरवून झाले होते, डोंगरांचा पडदा गुंडाळून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी ट्रक येणार होता.

त्या दुपारी खोटं बोलून तिला निरोप द्यायचा, हे त्याच्याने होईना. त्याने खालचा पर्याय निवडला. पट्टी भराभर धावू लागली.

"आज घाईत आहात?" तिने विचारलं.

"फोटो दाबून लहान होत नाहीत. मला... पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मलाही."

त्याने वळून पाहिलं. या वेळी काचेत नाही.

"कॅमेऱ्यांच्या घरात वाढले मी," ती म्हणाली. "मला एवढंही कळत नसेल, असं वाटलं तुम्हाला? तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते. तुमची पट्टी आमच्या संगणकाच्या पट्टीहून हळू निघाली."

"तुम्ही जाऊ नये, असं वाटतं," तो म्हणाला.

"एवढंच?"

"बाकीचं दाबून ठेवलंय."

ती हसली नाही. बाबांकडे पाहत राहिली. ते रिकाम्या भिंतीला हात लावून पडदा कुठे होता ते चाचपत होते. त्यांना एकटं धाडणं तिला शक्य नव्हतं, आणि तिला थांबवणं त्याला. दोघांनाही ते कळलं. मग तिने पिशवीतून एक कोरी डिस्क काढली.

"एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी, असं तुम्हीच सांगितलं होतंत. ही तुमच्याकडे राहू दे. अधूनमधून चालू करून बघावी लागते ना?"

"लागते."

"मग बघायला येईन मी. बाबांना घेऊन." डिस्क तिने स्वतःच जोडली, आणि चौकट उघडल्यावर त्याचा हात बाजूला सारून सगळ्यात वरचा पर्याय निवडला. "ट्रक उद्या आहे."

"झालं का गं?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा. अजून बराच वेळ आहे."

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या टोकाचं शटर बंद होतं. नव्या किल्लीने लावलेलं नवं कुलूप उन्हात चमकत होतं. दुपार झाली, तशी त्याची पावलं सवयीने तिकडे वळली आणि अर्ध्या वाटेवरून परतली. दुकानात स्टूल जागच्या जागी होतं. त्याने ड्रॉवरमधली डिस्क हातात घेतली, परत ठेवली, आणि ताईला फोन लावला.

"बोल," ताई म्हणाली. "काय, बरं आहे ना?"

एरवी तो ‘हो’ म्हणाला असता आणि फोन संपला असता.

"ताई, वेळ आहे का गं?" तो म्हणाला. "जरा लांबण आहे."