छतासाठी वेणी

"डॉक्टर, तुमच्या प्रयोगशाळेत सगळेच टकले कसे?"

विचारून झाल्यावर जुईली बागवेला वाटलं, चंद्राचं गुरुत्वाकर्षण आणखी थोडं कमी असतं, तर इथून तरंगत निघून तरी जाता आलं असतं. "विचारून दाखव, तर तू खरी कप्तान," अशी पैज तिच्या कबड्डी संघातल्या मेहेर आणि सानिकाने लावली होती. आता त्या दोघी यंत्रामागे तोंड दाबून उभ्या होत्या.

डॉ. हेमांगी सबनीसांनी आपल्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. "आमचे केस जेवणघराच्या छतात आहेत. वर बघ कधीतरी."

जुईली हसली. सबनीस हसल्या नाहीत.

"अगं, आपली छतं संमिश्राची असतात. रव्याच्या लाडवाचंच घे. राळ म्हणजे पाक, चंद्राची धूळ म्हणजे रवा. चीर पुढे सरकायला लागली की धुळीच्या कणाला अडखळते. पण आतली हवा छताला बाहेर ढकलते, ताणते. तो ताण पेलायला तंतू लागतात. तंतू येतात पृथ्वीवरून, आणि यान बसलंय रखडून. म्हणून तंतूंच्या जागी आमचे केस."

"मग धूळ वाढवा की. बाहेर काय कमी आहे?"

"आमचे कुरणेही असंच म्हणाले होते."

"एकदाच म्हणालो होतो," शेजारच्या पडद्यामागून डॉ. कुरणे पुटपुटले.

"आमच्या संगणकातल्या प्रतिरूपाने त्यांना गप्प केलं. कण फार झाले की तंतू धरायला राळच उरत नाही. पाक कमी पडलेला लाडू उचलून बघ."

जुईलीला लाडवाचं काही पडलं नव्हतं. तिला पडलं होतं कबड्डीगृहाचं. पकडीतून निसटायला तिने मारलेली उडी थेट छतावर आदळली होती. त्या दिवसापासून छताला तडा होता आणि दाराला कुलूप. दुरुस्ती झाली नाही, तर दक्षिणध्रुवाच्या पोरी न खेळताच चषक घेऊन जाणार होत्या. वर चिडवणार होत्या, ते वेगळंच.

तिने गुडघ्यापर्यंतची वेणी पुढे घेतली. "ही घ्या."

मेहेरचं हसू थांबलं. या वेणीला जुईलीची आई शेजारणींचीसुद्धा नजर लागू देत नसे.

कुरण्यांनी एक केस मागून घेतला, राळेच्या थेंबात बसवला आणि राळ घट्ट झाल्यावर ओढला. केस तुटला नाही. सुळकन बाहेर आला.

"तेल लावतेस?"

"आई लावते. वाटीभर."

"तेल धुऊन काढू," सबनीस म्हणाल्या, "पण मुळात केस फार गुळगुळीत आहे. तंतू कितीही दणकट असला, तरी राळेने धरला नाही तर ताण त्याच्यापर्यंत पोचतच नाही. कामाच्या घरात लोळत पडलेला पाहुणा नुसता."

"मग कसा केस लागतो?"

"वाकडातिकडा. खवले उघडलेला. रसायनांनी खरवडलेला. थोडक्यात," कुरणे म्हणाले, "वाया गेलेला."

जुईली अगदी साळसूदपणे म्हणाली, "मूळ रंग उडवून निळा चढवला, वर कुरळे केले, तर?"

कुरण्यांनी आकडे भरले. पडद्यावरची रेघ वर गेली, आणखी वर गेली. "अरे वा. छत मजेत टिकतं."

"वेणी कापली की आम्हीच करू ते," सबनीस म्हणाल्या.

"डोक्यावर असतानाच केलं तर चालेल?"

"राळेला काय कळतंय," कुरणे म्हणाले.

सबनीसांनी जुईलीकडे नीट पाहिलं आणि घाईने खोकला काढला.

संध्याकाळी बाबा पिठलं वाढून घेत होते.

"आई, बाबा, मी एक ठरवलंय. माझी वेणी कबड्डीगृहाच्या छताला देणार."

बाबांची पळी हवेतच राहिली. आईने वेणीवरून हात फिरवला, एकदा, दोनदा. मग डोळे पुसत म्हणाली, "दे बाई. सगळ्यांच्या उपयोगी पडतेय, तर मी कशाला अडवू?"

"थांब, अजून संपलं नाही. शास्त्राप्रमाणे ती आधी पुरती वाया घालवावी लागते," जुईली म्हणाली. "म्हणून येते आठ दिवस मी निळी आणि कुरळी असणार आहे."